धुरी कोणाला, मुभा कोणाला?

२०२० सालच्या सप्टेंबर महिन्याच्या १४ तारखेला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्यानंतर सदतीस दिवसांनी, ऑक्टोबरच्या २१ तारखेला, त्याच सरकारच्या कृषी खात्याने कांद्याविषयी आणखी एक निर्णय जाहीर केला. परदेशातून येणाऱ्या कांद्याला वनस्पती-संगरोधाच्या, म्हणजे क्वारंटाइनच्या, नियमांन्वये धुरीकरणाची जी अट लागू आहे, ती १५ डिसेंबरपर्यंत शिथिल करण्यात आली. पहिल्या निर्णयाने नाशिक जिल्ह्यातला शेतकरी रस्त्यावर आला. दुसऱ्या निर्णयाची दखल आयातदारांच्या वर्तुळाबाहेर फारशी कोणी घेतली नाही. धुरीकरण हा शब्दच इतका रुक्ष की तो वाचताच वाचकाने पान उलटावे! पण हे दोन्ही निर्णय एकाच माळेचे मणी होते. पहिल्याने इथल्या कांद्याचे बाहेर जाण्याचे दार लावले. दुसऱ्याने बाहेरच्या कांद्याला आत येण्याचे दार सताड उघडले, आणि त्या दाराशी कीड अडवण्यासाठी जो पहारेकरी बसवला होता त्याला रजेवर पाठवले. बिहार विधानसभेच्या पहिल्या मतदानाला तेव्हा बरोबर एक आठवडा उरला होता.

हा पहारेकरी कोण, हे आधी समजून घेतले पाहिजे. परक्या भूमीतून येणारे धान्य, कंद, फळ, बियाणे किंवा लाकूड यांच्याबरोबर तिकडची कीड, बुरशी वा सूत्रकृमी आपल्या शेतात उतरू नये यासाठी १९१४ चा विध्वंसक कीटक व कीड कायदा आहे, आणि त्या कायद्याखाली २००३ साली काढलेला वनस्पती-संगरोध आदेश आहे. कोणत्या देशातून कोणता माल कोणत्या अटींवर येऊ शकेल याची लांबलचक परिशिष्टे त्या आदेशाला जोडलेली आहेत. कडधान्ये, कांदा अशा कित्येक जिनसांच्या बाबतीत त्यात अट अशी की माल जहाजावर चढण्यापूर्वीच निर्यात करणाऱ्या देशात त्याला मिथाइल ब्रोमाइड या वायूची धुरी दिली गेली पाहिजे. नेहमीचे प्रमाण एका घनमीटरला ३२ ग्रॅम, मुदत चोवीस तास, तपमान २१ अंश किंवा त्याहून अधिक. धुरी दिल्याची नोंद त्या देशाच्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्रावर असली पाहिजे. यातला ‘निर्यात करणाऱ्या देशात’ हा शब्दप्रयोग सर्वांत महत्त्वाचा. कीड मारायची ती तिच्या घरी, आपल्या अंगणात नव्हे, हे संगरोधाचे मूळ तत्त्व त्यात आले.

ऑक्टोबर २०२० च्या सवलतीने नेमके हेच तत्त्व मोडले. धुरी न देता आणि प्रमाणपत्रावर तशी नोंद नसताना आलेला कांदाही उतरवून घ्यावा, त्याला भारतात पोचल्यावर मान्यताप्राप्त संस्थेकडून धुरी द्यावी, तपासणी करावी आणि सोडून द्यावा, असे ठरले. अटींचा भंग करून माल आणणाऱ्याकडून एरव्ही नेहमीच्या तपासणी शुल्काखेरीज आणखी चौपट शुल्क वसूल केले जाते. कांद्याच्या आयातदाराला तेही माफ झाले. त्याने फक्त एक लेखी हमी द्यायची होती, की हा कांदा खाण्यासाठीच वापरला जाईल, लागवडीसाठी नव्हे. पुढे ही मुदत ३१ जानेवारी २०२१ पर्यंत वाढवण्यात आली. १ जानेवारीला निर्यातबंदी उठली होती. लाल कांदा बाजार समित्यांतून ओसंडत होता आणि रांगडा कांदा काढणीला येत होता. ज्या टंचाईच्या नावाने हा खटाटोप केला ती टंचाई सरली, पण मुभा सरली नाही.

लेखी हमीची गोष्ट तर हास्यास्पदच म्हणावी लागेल. गोदीतून सुटलेला कांदा अडत्याकडे जातो, तिथून घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून किरकोळ दुकानात आणि हातगाडीवर. यांपैकी कोणाच्याही गोणीवर ती हमी चिकटवलेली नसते. कोंब आलेला कांदा परसात लावणे ही ज्या देशात घरोघरची सवय आहे, तिथे आयातदाराच्या सहीने सूत्रकृमी थांबेल अशी खात्यातील तज्ज्ञांची खरोखरच समजूत असेल काय? खोड व कंद पोखरणारा जो सूत्रकृमी जगभर कांद्याचा वैरी म्हणून ओळखला जातो, तो वाळलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे जिवंत राहतो आणि ओल मिळताच पुन्हा हालचाल करू लागतो. सरकारी मुदतीशी त्याला कर्तव्य नसते.

कोणी म्हणेल, तो एक आणीबाणीचा प्रसंग होता. पण आदल्याच वर्षी हाच खेळ झालेला होता. २०१९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाआधी तीन आठवडे, २९ सप्टेंबरला, निर्यातबंदी आली. नोव्हेंबरात धुरीकरणाची अट सैल झाली. त्याच महिन्यात मंत्रिमंडळाने १ लाख २० हजार टन कांदा आणण्यास मंजुरी दिली. इजिप्त आणि तुर्कस्तानचा कांदा येऊ लागला. पुढे काय झाले? सुमारे १८ हजार टन कांदा आला आणि राज्यांनी त्यातला जेमतेम दोन हजार टन उचलला, हे तत्कालीन अन्नमंत्री रामविलास पासवान यांनीच जानेवारी २०२० मध्ये सांगितले. त्याला ना भारतीय जिभेची चव होती, ना इथल्या स्वयंपाकाची सवय. किलोला २२ रुपये, म्हणजे आणण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी दराने, तो राज्यांच्या गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाला, आणि बराचसा न्हावाशेवा बंदरात पडून सडू लागला. तोवर इथला नवा कांदा बाजारात येऊन भाव कोसळू लागले होते. ग्राहकाला स्वस्त कांदा ऐन गरजेच्या वेळी मिळाला नाही आणि शेतकऱ्याला हातातोंडाशी आलेला भाव मिळाला नाही. तरीही दहाच महिन्यांनी सरकारने तोच प्रयोग नव्या दमाने केला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सवलतीचा हेतू कांदा आणणे हा कमी आणि कांदा येतो आहे अशी हूल उठवून लासलगावचा लिलाव खाली आणणे हा अधिक होता.

कांदा हा या कथेतला लहान अध्याय आहे. मोठा अध्याय कडधान्यांचा.

कॅनडाचा वाटाणा आणि मसूर भारतात येऊ लागल्याला बराच काळ लोटला. मिथाइल ब्रोमाइडची अट लागू झाली तेव्हा तिकडच्या निर्यातदारांनी दोन मुद्दे पुढे केले. एक, आमच्याकडची थंडी इतकी कडक की कीड तशीच मरते आणि वायूही त्या थंडीत नीट काम करत नाही. दोन, हा वायू ओझोनचा थर विरळ करतो म्हणून तो आम्ही वापरातून काढत आहोत. दोन्ही मुद्दे निखालस खोटे नव्हते. मग भारत सरकारने करायचे काय होते? एक तर तज्ज्ञांकडून ते पारखून घेऊन, कॅनडाच्या मालापुरती दुसरी शास्त्रशुद्ध अट घालून, हा विषय कायमचा मिटवायचा. नाहीतर मुद्दे अमान्य करून अट पाळायला लावायची. सरकारने तिसराच मार्ग पत्करला. २००४ पासून कॅनडाला मुदतीची सूट दिली आणि मुदत संपत आली की ती वाढवली. सहा महिने, वर्ष, पुन्हा सहा महिने. तेरा वर्षे हे चालले! तात्पुरती म्हणून बांधलेली झोपडी तेरा वर्षांनी वाडा होते, हे मंत्रालयाच्या आवारात वावरणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या व्यवहाराकडे पाहिले पाहिजे. जो नियम कायमचा आहे त्याची किंमत सर्वांना ठाऊक असते; बाजार ती हिशेबात धरतो. जो नियम नाही त्याची किंमत शून्य. पण जो नियम पुस्तकात आहे आणि दर सहा महिन्यांनी सचिवाच्या सहीने स्थगित होतो, त्याची किंमत ठरते ती सही केव्हा होणार याच्या आगाऊ माहितीवर. ही माहिती मोठ्या आयातदाराला मिळते. तो ऐन वेळी जहाज भरतो. छोट्या डाळ गिरणीवाल्याला ती मिळत नाही, आणि तूर पेरणाऱ्या शेतकऱ्याला तर कधीच मिळत नाही. परवाना-राज संपले असा डंका १९९१ पासून पिटला जातो. प्रत्यक्षात परवाना गेला आणि त्याच्या जागी सवलत आली. परवान्याला निदान अर्ज लागे, रांग लागे, नकाराचे कारण द्यावे लागे. सवलतीला यातले काहीच लागत नाही.

२०१६-१७ चे उदाहरण पुरेसे बोलके आहे. त्याआधी, २०१५ च्या पावसाळ्यानंतर, तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली होती. शेतकऱ्याला आवाहन केले गेले की कडधान्य पेरा. त्याने पेरले. पाऊसही चांगला झाला. देशात सुमारे २३१ लाख टन कडधान्य पिकले, तोवरचे सर्वाधिक. आणि त्याच वर्षी देशात सुमारे ६६ लाख टन कडधान्य आयात झाले, तेही तोवरचे सर्वाधिक. बोनससह ५०५० रुपये हमीभाव जाहीर झालेली तूर मराठवाड्यात आणि विदर्भात त्याहून कितीतरी खाली विकली गेली. खरेदी केंद्रांवर बारदाना नाही म्हणून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दिवसेंदिवस उभे राहिले. एप्रिल २०१७ मध्ये ती केंद्रेही बंद झाली. त्याच वसंतात, ३१ मार्चला, कॅनडाची धुरीकरणाची सूट संपत होती. ती सरकारने वाढवली. आत्महत्या करणाऱ्या शेतकऱ्यांच्या जिल्ह्यांत तूर उघड्यावर पडलेली असताना ही वाढ कोणत्या राष्ट्रीय गरजेपोटी केली गेली, याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही.

पुढे त्या वर्षाच्या उत्तरार्धात वारे फिरले. धुरीविना आलेल्या मालावर तपासणी शुल्क पाचपट झाले. नोव्हेंबरात वाटाण्यावर ५० टक्के आणि डिसेंबरात हरभरा व मसुरीवर ३० टक्के आयातशुल्क बसले. फेब्रुवारी २०१८ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान भारतात आले तेव्हाच्या संयुक्त निवेदनात, कीडमुक्त कडधान्यांसाठी दोघांना मान्य होईल अशी तांत्रिक व्यवस्था त्या वर्षात ठरवू, असे आश्वासन आले. म्हणजे तेरा वर्षांपूर्वी जे ठरवायला हवे होते ते ठरवण्याची नुसती इच्छा! या पाचपट शुल्काला काहींनी कठोर पाऊल म्हणून नावाजले. त्यात कठोर ते काय? कीड असलेला माल पाचपट शुल्क भरल्याने कीडमुक्त होत नाही. शुल्क सरकारी तिजोरीत जाते. कीड शेतात जाते. याला दंड म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. हे नियम मोडण्याचे भाडे आहे. आणि २०२० मध्ये कांद्याच्या आयातदाराला तर भाडेही माफ! कांद्याची कीड मसुरीच्या किडीपेक्षा सोज्वळ असते असा काही नवा शोध लागला होता काय? फरक एवढाच की दिल्लीच्या बाजारात त्या महिन्यात कांदा महाग होता.

सरकारतर्फे यावर एक उत्तर दिले जाते आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. धुरी रद्द केलेली नाही, ती फक्त तिकडे देण्याऐवजी इकडे दिली जाते; मग बिघडले कुठे? बिघडले ते इथेच. मिथाइल ब्रोमाइड हा साधा धूर नव्हे. त्याला रंग नाही. माणसाला अपाय होईल इतक्या प्रमाणातही त्याचा वास जाणवत नाही, म्हणून डोळ्यांना झोंबणारा क्लोरोपिक्रिन त्यात मुद्दाम शेकडा दोन मिसळावा लागतो. तो हवेहून तिपटीने जड असल्याने जमिनीलगत, खड्ड्यात, गोदामाच्या कोपऱ्यात साचून राहतो. फुप्फुसात गेला तर डोकेदुखी, मळमळ, एकाची दोन दिसणे, हातापायांना कंप, झटके, क्वचित मृत्यू. आणि ही लक्षणे कित्येकदा काही तासांनी दिसू लागतात, म्हणजे कामगार पाळी संपवून घरी पोचल्यावर. मालाच्या थप्पीवर ताडपत्री घालून किंवा कंटेनर बंद करून वायू आत सोडतात, चोवीस तासांनी ताडपत्री उचलतात, आणि उरलेला वायू वाऱ्यावर सोडून देतात. तो धरून ठेवण्याची यंत्रे जगात आहेत. न्यूझीलंडने २०१० साली आपल्या बंदरांना हा वायू दहा वर्षांत धरून ठेवायला लागा असे फर्मावले. मुदत संपत आली तेव्हा व्यापाऱ्यांनी तिथेही ती पुढे ढकलून घेतली. भांडवलाचा स्वभाव दक्षिण गोलार्धात बदलत नाही!

आता या सवलतीचा जागतिक अर्थ ध्यानात येईल. १९८७ च्या माँट्रियल करारात १९९२ साली या वायूचा समावेश झाला. श्रीमंत देशांनी तो २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत बंद करायचा होता. अपवाद ठेवला तो संगरोधाचा आणि जहाजावर चढण्यापूर्वीच्या धुरीचा. युरोपीय संघाने तर मार्च २०१० पासून हा अपवादही आपल्या भूमीवर ठेवलेला नाही. उत्तम गोष्ट आहे. ओझोनचा थर सर्वांचाच आहे. पण त्याचा परिणाम काय झाला पाहा. निर्यात करणारा श्रीमंत देश आपले हात स्वच्छ ठेवतो, माल धुरीविना पाठवतो, आणि त्या मालासाठी लागणारा विषारी वायू भारतीय बंदरात, भारतीय मजुराच्या हातून, भारतीय वस्तीच्या वाऱ्यावर सोडला जातो. त्यामुळे ओझोनचे एका ग्रॅमचेही रक्षण होत नाही. वायू तोच, प्रमाण तेच, आकाशही तेच. फक्त नळी धरणारा माणूस बदलला. आणि हा माणूस कोण? धुरी देण्याचे काम मान्यताप्राप्त खासगी संस्थांकडे आहे. त्यांच्या मान्यतेच्या नियमावलीत मुखवटे, वायुमापक, इशाऱ्याचे फलक, सगळे काही आहे. पण थप्पीच्या चारी बाजूंनी हमाली करणारा माथाडी, कंटेनर प्रथम उघडणारा मजूर, बाहेर टपरीवर चहा पिणारा ट्रकचालक यांचा त्या नियमावलीशी संबंध येतो तो फलकापुरता, तोही वाचता आला तर. नव्या मुंबईत आणि उरण परिसरात कामगार-चळवळीचे काम आहे. वेतन, बोनस, कायमपण यांच्या मागण्यांइतकाच हा प्रश्न तिथल्या संघटनांनी हाती घेण्याजोगा होता. तो घेतला गेला नाही, याची खंत बोलून दाखवलीच पाहिजे.

संगरोध ही नोकरशाहीची उठाठेव आहे, किडी येतातच, असे म्हणणारे उदारमतवादी आपल्याकडे बरेच झाले आहेत. त्यांना १९०६ सालची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील कापसाचा सत्यानाश करणारा मेक्सिकन बोंडभुंगा इकडे येऊ नये म्हणून त्या वर्षी परदेशी कापसाच्या गाठींना धुरी सक्तीची झाली. इंग्रज सरकारला भारतीय शेतकऱ्याचा कळवळा होता असे मुळीच नाही. साम्राज्याला कापूस हवा होता. पण नियम झाला, पाळला गेला, आणि तो बोंडभुंगा आजवर भारतात स्थिरावलेला नाही. परक्या सरकारने स्वार्थापोटी जे सांभाळले ते स्वकीय सरकारने मतांपोटी सोडावे, याला काय म्हणावे?

उलट उदाहरणही दूरचे नाही. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात आढळलेले आणि नंतर देशभर पसरलेले ते पांढऱ्या फुलांचे गाजर गवत परदेशी गव्हाबरोबर आले, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ते त्याआधीही तुरळक होते असे काही वनस्पतिशास्त्रज्ञांचे म्हणणे आहे, आणि तो वाद त्यांनीच सोडवावा. शेतकऱ्यांनी मात्र त्याला काँग्रेस गवत असे नाव देऊन आपला निकाल केव्हाच दिला आहे. या गवताने माळराने गिळली, माणसांना त्वचारोग आणि दमा दिला, आणि त्याचा बंदोबस्त करण्यासाठी १९८३ मध्ये मेक्सिकोतून एक भुंगेरा मुद्दाम आणावा लागला. २०१४ च्या अखेरीस टोमॅटोची पाने आणि फळे पोखरणारी दक्षिण अमेरिकी अळी प्रथम पुणे परिसरात सापडली. आज तिच्यासाठी लागणाऱ्या औषधांचे बिल नारायणगावचा टोमॅटो-उत्पादक भरतो. सगळ्याच किडी बंदरातून येत नाहीत, हे मान्य. २०१८ मध्ये मक्यावर आलेल्या अमेरिकन लष्करी अळीचा पतंग वाऱ्यावर शेकडो मैल उडतो. त्याला कोणती गोदी अडवणार? पण ज्या वाटेने येणारी कीड अडवता येते ती वाटही मोकळी सोडायची, हा युक्तिवाद म्हणजे पावसात छप्पर थोडे गळतेच, तेव्हा कौलेच काढून टाका, असे म्हणण्यासारखे आहे.

आणि आपला माल बाहेर जातो तेव्हा? अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला दार उघडले ते विकिरणाच्या अटीवर. अमेरिकी निरीक्षक इथे येऊन विकिरण केंद्रात उभा राहणार आणि त्याचा खर्च भारतीय बाजूने सोसायचा. योगायोग असा की ज्या लासलगावच्या कांद्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने विकिरण-यंत्रणा उभारली, तिथूनच हापूस पहिल्यांदा अमेरिकेला गेला. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणाने हापूस आणि चार भाज्या बंद केल्या. आंब्यावरची बंदी उठायला पुढचे वर्ष उजाडले. मे २०२५ मध्ये विकिरणाच्या कागदपत्रांत चूक आहे म्हणून अमेरिकी विमानतळांवर आंब्याच्या पंधरा खेपा अडवल्या गेल्या. आंबा परत न्या किंवा नष्ट करा, एवढेच सांगण्यात आले. निर्यातदारांनी तो तिथेच नष्ट केला आणि अंदाजे पाच लाख डॉलरचे नुकसान सोसले. त्या आंब्यात कीड सापडली असे कोणाचेही म्हणणे नव्हते. कागदावरच्या एका चुकीला तिथे क्षमा नाही. इथे कागदच नसला तरी माल आत! या बाबतीत अमेरिकेला दोष देण्याचे कारण नाही. ती आपल्या शेतकऱ्याचे रक्षण करते. दोष आहे तो आपल्या शेतकऱ्याला रक्षणाच्या लायकीचा न समजणाऱ्या दिल्लीतल्या धोरणकर्त्यांचा.

आता घरातला प्रश्न. शहरातला गिरणी कामगार, मोलकरीण, रिक्षाचालक यांना डाळ-कांदा स्वस्त मिळाला पाहिजे, ही समाजवादी पक्षांची जुनी मागणी आहे आणि ती रास्तच आहे. महागाईविरोधी मोर्च्यांत लाटणी घेऊन उतरलेल्या स्त्रियांची परंपरा कोणी विसरू नये. म्हणूनच आयात झाली की आपल्यापैकी अनेकजण टाळ्या वाजवतात, आणि धुरीची अट सैल झाली म्हणजे आयात लवकर होईल या आशेने गप्प बसतात. या टाळ्या थांबवण्याची वेळ आली आहे. कांदा १०० रुपये झाला तेव्हा त्यातले किती रुपये निफाडच्या शेतकऱ्याला मिळाले आणि किती मधल्या साठेबाजाला, हा प्रश्न न विचारता बंदर उघडणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ग्राहकाला स्वस्त धान्य द्यायचे तर सरकारने वेळेवर, पुरेशी आणि हमीभावाने खरेदी करावी, साठा करावा आणि रेशन दुकानातून डाळ द्यावी. त्याचा खर्च सगळ्या समाजाने करांतून उचलावा. तो खर्च शेतकऱ्याच्या भावातून आणि गोदी कामगाराच्या फुप्फुसातून काढणे हे समाजवादाच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. शिवाय शेतात कीड आली की उत्पादनखर्च वाढतो, पीक घटते आणि दोन-चार वर्षांनी तीच डाळ त्याच कामगाराला अधिक महाग मिळते.

मिथाइल ब्रोमाइडला कवटाळून बसा, असे मात्र कोणी म्हणू नये. हा वायू जायलाच हवा. लाकडी खोक्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानकाने लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तपमान अर्धा तास देण्याचा पर्याय केव्हाच रूढ केला आहे. धान्यासाठी आणि कंदांसाठीही जिनसानुरूप दुसरे उपाय ठरवता येतात. त्यासाठी संशोधन लागते, निरीक्षक लागतात, पैसा लागतो. आणि एक स्वतंत्र, वैज्ञानिक अधिकार असलेले प्राधिकरण लागते, ज्याला मंत्र्याच्या फोनवर अट सैल करता येणार नाही. असे प्राधिकरण स्थापणारे कृषी जैवसुरक्षा विधेयक मार्च २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले, सभागृहाबरोबर २०१४ मध्ये व्यपगत झाले, आणि १९१४ चा कायदा आजही आपल्या जागी आहे. तीन-तीन शेतीविषयक अध्यादेश आणि कायदे घाईघाईने आणणाऱ्यांना या एका विधेयकाची आठवण का झाली नाही, हे आपल्या खासदारांनी विचारले पाहिजे.

तोवर मागणी साधी ठेवावी. धुरीकरणाची वा अन्य कोणतीही संगरोधाची अट सैल करायची झाली तर तिची वैज्ञानिक कारणे आदेशासोबतच प्रसिद्ध व्हावीत आणि संसदेपुढे यावीत; टंचाई वा भाव हे कारण त्यात मुळीच चालू नये. पाचपट शुल्काचा पैसा सर्वसाधारण तिजोरीत न जाता नव्या किडींनी उद्ध्वस्त झालेल्या शेतकऱ्याच्या भरपाईला जावा. धुरी देणाऱ्या प्रत्येक गोदामाच्या आणि कंटेनर-यार्डाच्या परिसरातील कामगारांची, मग ते कंत्राटी असोत की माथाडी, वैद्यकीय तपासणी सक्तीची व्हावी आणि तिच्या नोंदी संघटनेला पाहता याव्यात. नाशिक, सोलापूर, लातूर, अकोला या जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी बाजार समित्यांच्या सभांत हा विषय मांडावा; उरणच्या कार्यकर्त्यांनी गोदीच्या दारावर. आणि एक हिशेब सरकारकडे आत्ताच मागावा: जानेवारी २०२० मध्ये न्हावाशेव्यात सडलेला तो इजिप्त-तुर्कस्तानचा कांदा बंदरातून बाहेर काढला तेव्हा किती टन होता, कोणत्या ट्रकांतून गेला, कोणत्या खड्ड्यात पुरला की कोणाच्या शेतात खत म्हणून पडला.